उसनं दिलेलं बोट

दोन हजार सतरा साली, निवडणुकीच्या आधीच्या उन्हाळ्यात, ओळखपत्राच्या कचेरीत गेदीने काचेवर बोट ठेवलं आणि यंत्राने त्याला दुसऱ्याच बाईचा मुलगा ठरवलं.

मुत्विरी नावाच्या कारकुनाने पडदा फिरवून दाखवला. पडद्यावर सात वर्षांचा पोरगा होता. गालफडं बसलेली, डोळे तेवढे मोठे.

"अब्दिरहमान. आई दहाबो. सीमेपलीकडून आलेला निर्वासित," मुत्विरीने वाचलं. "निर्वासिताला ओळखपत्र नाही. ओळखपत्र नाही तर मतदारयादीत नाव नाही. पुढचा या."

गेदी हसला. अठरा पुरी झाली म्हणून त्याने नवा सदरा घातला होता. "साहेब, मी गेदी. ही माझी आई. तुमच्या यंत्राला ऊन लागलंय."

बिशारो हसली नाही. पडद्यावरच्या पोराच्या गळ्यातला ताईत तिने स्वतः ओवला होता.

ओळख पटवायला बसवलेले हाजी गुराद काठी टेकत उठले. "अरे, याच्या आजाने माझी उंटीण पळवली होती. अख्ख्या गारिसा गावाला ठाऊक आहे. हा परका असेल तर माझी उंटीण नेली कुणी?" रांगेतले लोक हसले. हाजींना ते आवडलं. "बापजाद्यांची नावं विचार त्याला. एवढासा होता तेव्हापासून घडाघडा म्हणतो."

त्या काळापर्यंत आमच्याकडे माणूस असाच ओळखत. बाप, आजा, पणजा, आणि मग कुठेतरी दोघांची वाट एक व्हायची.

"यंत्राला आजा कळत नाही, हाजी," मुत्विरी म्हणाला. "बोट कळतं."

बोट छावणीत दिलं होतं. मोठ्या दुष्काळात आधी शेळ्या गेल्या, मग उंट, मग गेदीचा बाप. सरकारी धान्य गावापर्यंत पोचलंच नाही. जवळच्या निर्वासितांच्या छावणीत मात्र माणशी पीठ आणि तेल मिळत होतं. मोठ्या माणसांना तिथे खोदून विचारत, कुठलं गाव, कुठल्या वाटेने आलात. पोराला कोण विचारतं? विहिरीवर बिशारोला दहाबो भेटली. सीमा ओलांडताना तिचा मुलगा वाटेतच गेला होता, गेदीच्याच वयाचा. "तुझा माझ्या ओटीत घाल," दहाबो म्हणाली. "त्याच्या वाट्याचं पीठ तुला." बिशारोने घातला. काचेखालचा लाल उजेड बघून पोरगा हरखला, दुसरंही बोट ठेवू का म्हणाला. दहाबो शब्दाला जागली. पाऊस येईतो पीठ देत राहिली. मग गेदी घरी आला, आणि ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

काढली ती दहाबोनेच, अगदी अलीकडे. तिला कॅनडात घेणार होते. ती, दोन मुली आणि अब्दिरहमान. यादीतलं एक माणूस कमी पडलं तर सगळ्यांचंच अडणार. "दे ना गं," ती दारात बसून म्हणाली होती. बिशारोने तिला चहाही विचारला नव्हता. "पोर काय पातेलं आहे? एकदा उसनं दिलं म्हणून पुन्हा मागायला आलीस."

मुत्विरी माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज उतरवला. "बाई, हा तुमचा असेल तर तसं लिहून द्या. छावणीत खोटा ठसा दिला, असं लिहा. मग कागद राजधानीला जातील. तुमच्यासारखे ढिगाने अडकलेत, वर्षानुवर्षं उत्तर येत नाही. तोवर हा ना इथला ना तिथला. पोलीस नाक्यापुढे जाता येणार नाही, कामावर कुणी ठेवणार नाही. आणि त्या दहाबोचंही नाव कापतील. तुमचा नसेल तर प्रश्नच नाही. छावणीत नाव आहे, तिथे जाईल." मग त्याने सरळच विचारलं, "हा तुमचा मुलगा आहे का?"

"आई, सांग ना त्यांना," गेदी म्हणाला.

बिशारोने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "दहाबोचा आहे. मी नुसता सांभाळला."

हाजी गुराद मटकन खाली बसले. रांगेत कुणी हसलं नाही. गेदीने मागच्या माणसाला वाट करून दिली आणि तो निघून गेला. आई तसं का म्हणाली ते त्याला पुढे कळलं. कळलं म्हणून राग गेला, असं नाही.

मुत्विरीची बदली डोंगराकडच्या थंड गावी झाली. हाजी गुरादांनी त्या ऑगस्टात मत दिलं आणि पुढच्या पावसाआधी ते वारले. उंटिणीची गोष्ट रंगवून सांगणारं आता कुणी उरलं नाही. दहाबोने गेदीला आपल्या मेलेल्या मुलाच्या बापजाद्यांची नावं पाठ करवली, आणि मुलाखतीत त्याने ती कुठेही न अडखळता म्हटली. तो कॅनडात मांसाच्या कारखान्यात काम करतो. आता तिथे मतदानही करतो. कागदावर पेन्सिलीने फुली मारायची असते, बोट कुणी मागत नाही. फोन करतो तेव्हा आसपास माणसं असली तर बिशारोला मावशी म्हणतो.

बिशारोचं बोट यंत्राला चटकन कळतं. दर निवडणुकीला ती जाऊन येते. गेदी कॅनडाला गेल्यावर जनगणना झाली, तेव्हा एक शिकलेली मुलगी तिच्या दाराशी आली. नाव, वय, जनावरं किती, असं सगळं विचारून झालं. मग मुलं किती, म्हणून विचारलं.

"एक होता," बिशारो म्हणाली. "दुष्काळात गेला."