तोंडानं ओढायचा पाइप

पेट्रोल संपलं आणि गाड्या उसाच्या दारूवर धावायला लागल्या, तेव्हापासून अख्ख्या गावाला गुत्त्याचा वास यायचा. हणमंत मिस्त्रीनं दारू सोडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याची बायको कुसुम अजून रोज संध्याकाळी गॅरेजात चहा घेऊन यायची आणि हळूच त्याचं तोंड हुंगायची. आता त्यातून काहीच कळत नसे.

आज एका जुन्या बुलेटचा कार्बोरेटर काढून त्यानं दारूवर चालणारा इंजेक्टर बसवला होता. गाडी सुरू होत नव्हती. कुसुम चहा घेऊन आली तेव्हा तो दमून जमिनीवरच बसला होता.

"पाइपात हवा अडकलीय," तो म्हणाला. "पेट्रोलच्या सवयीनं तोंडानं ओढला."

"गिळलीत?"

"थुंकलो. पण जिभेनं लगेच ओळखली गं. अजून एकदा ओढायला लागणार, आणि माझा माझ्यावर भरवसा नाही."

कुसुमनं त्याच्या हातात चहा दिला. पदर खोचला, पाइप उचलला आणि ओढला. तोंड भरताच ती बाहेर धावली, थुंकली, खोकत परत आली.

"शी," ती डोळे पुसत म्हणाली. "ह्याच्यापायी माझी एवढी वर्षं घालवलीत होय?"