महादेवाला सरकारी दर्जा

आमच्या गावच्या महादेवाला तीर्थक्षेत्राचा दर्जा द्यायचा की नाही, हे ठरवायला परभणीहून साहेब येणार होते. एरवी त्या देवळात सकाळी मी आणि एखादी चुकार गाय, एवढीच वर्दळ. म्हणून देवस्थानचे अध्यक्ष दिनकरराव, जे स्वतः शिवरात्रीलाही तिकडं फिरकत नाहीत, त्यांनी जेवणाचं आमिष दाखवून ताडकळसच्या बाजारातून ट्रॉल्या भरभरून माणसं आणली.

पिंडीवर पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायचा नाही, हे माझं लग्नापासूनचं व्रत. त्या दिवशी गाभारा साहेबांसाठी बंद ठेवलेला. दुपार टळली तरी मी तांब्या धरून गर्दीत उभीच.

शेजारच्या गड्यानं विचारलं, "मावशी, जेवायला कवा वाढनार हायेत? अन् हितं देव कोन्ता हाय वो?"

"महादेव," मी म्हणाले. घसा पार सुकला होता.

तेवढ्यात साहेबांची जीप आली आणि गाभारा उघडला. मी कशीबशी उंबऱ्याशी पोचले, तर दिनकरराव हात आडवा घालून ओरडले,


"मल्लम्मा, बाजूला सरा की वो जरा! भाविकांना पुढं येऊ द्या!"