हौद भरेपर्यंत

शारजाच्या फ्लॅटमध्ये, मिहिकाच्या खोलीत, हेमांगीनं एक चित्र टांगलं होतं. मायदेशी परतणाऱ्या इंग्रज शेजारणीनं जाताना दिलेलं. कालव्यावरची दोन जाडजूड लाकडी दारं आणि त्यांच्यामधला कोरडा हौद. "हा भरला की बोट वर चढते, मगच दार उघडतं," असं शेजारणीनं मिहिकाला समजावलं होतं.

आठवडाभरात हौदात पाणी दिसू लागलं. हेमांगी रोज सकाळी पाण्याच्या रेषेवर काचेला टिकली लावायची. दुसऱ्या दिवशी पाणी टिकलीच्या वर असायचं.

"अगं, उन्हानं रंग उडतोय," तिचा नवरा, प्रसन्न, हसला. "टिकल्या संपवशील! काढून टाक ते, खलास."

गुरुवारी दुपारी ती चित्र भिंतीवरून उतरवायला गेली. शाळेतून आलेली मिहिका आतच होती. दार ढकललं, तर हलेना. पोरगी कोंडून घेईल म्हणून आतली कडी तर हेमांगीनंच काढून टाकली होती. तिनं खांदा लावला. लाकूड गारठलेलं होतं, आणि पलीकडून काहीतरी जड रेलत होतं.

"मिहू, दार उघड!"

आवाज आला तो वरून, पार छताजवळून, अगदी शांत.

"नॉट येट, ममा. इट्स नॉट फुल."