फवारा

शनिवारी फुटबॉलच्या मॅचमध्ये समोरच्या खेळाडूचं बोट खांद्याला लागलं मात्र, आमचा कप्तान डीन तोंड धरून गवतावर लोळला, ढोरासारखा ओरडला. पंचांनी पेनल्टी दिली. मी संघाचा फिजिओ. धावत जाऊन नुसतं गार पाणी फवारलं आणि पठ्ठ्या उठून गोल मारून मोकळा!

रविवारी दुपारी मॅनेजरचा फोन आला. "डीनच्या घरी जा. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू नकोस, पेपरवाल्यांना कुणकुण लागेल."

सवयीने फवाऱ्याची बाटली घेऊनच गेलो. स्वयंपाकघरात त्याची बायको लोरेन फरशीवर पडली होती. मनगट मोडून वाकडं झालं होतं, गळ्यावर पाचही बोटं उमटली होती. शेजारी टेबलावर डीन भाजलेलं बीफ आणि बटाटे चापत होता.



तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "उठव रे तिला. काही झालेलं नाहीये, नाटकं करतेय नुसती."