बंद दाराचा प्रसंग

"घ्या बाबा," म्हणत गऊबाईंनी पुन्हा झोळीत भाकरी टाकली आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

सिनेमात देव भिक्षेकरी होऊन दारोदार फिरतो आणि माणसाच्या अहंकाराचं शेवटचं दार त्याच्या तोंडावर बंद होतं. देव झाले होते वृद्ध नट कारखानीस. दार लावायला गावातल्याच गऊबाई घेतल्या होत्या. पण उपाशी माणसाला हाकलणं त्यांना खोटंखोटंही जमेना. याच प्रसंगासाठी कारखानिसांनी भूमिका स्वीकारली होती, आणि उन्हं तर कलू लागली.

पुढच्या खेपेला त्यांनी झोळीतली भाकरी मोडून तोंड वाकडं केलं. "असली भाकरी आमच्याकडं गुरंसुद्धा खात नाहीत, बाई!"

"मग गुरांकडंच जा!" दार धाडकन लागलं.

कुरापत त्यांचीच, तरी घाव खरा बसला. आयुष्यभर देव रंगवले, पण दारातून असं कुणी हाकललं नव्हतं. खाली मान घालून ते निघाले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "म्हातारबा, भाकरी नसंल आवडली, तर कालवण चाखून जावा!"

कारखानीस वळले. चालू कॅमेऱ्यासमोर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, तसं काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही. सिनेमा उघड्या दारावरच संपतो.