पैजेचा झगा

"दहा मिनिटं!" लाओ मिआओ म्हणाला. "मी गल्लीच्या मधोमध आडवा पडतो. दहा मिनिटांत कोणीतरी मला उचलणार. तेही आधी फोन न काढता."

"कोण्णी नाही उचलणार." लाओ तोंगने चिनी बुद्धिबळाच्या पटावर तोफेची सोंगटी आपटली. "ही गल्ली मी ओळखतो. उन्हात सुकटासारखा वाळशील."

"आणि उचललं तर?"

"तर तुझ्या बायकोचा फुलाफुलांचा झगा घालीन. संध्याकाळी चौकात बायकांच्या नाचात जाऊन माईकवर गाणं म्हणेन. नाही उचललं, तर तू."

"ठरलं, म्हाताऱ्या!"

झाडाखाली बसलेले सगळे खिदळले. मिआओ साठीचा. अख्ख्या गल्लीत मस्करीत त्याच्याइतका वात्रट कोणी नाही. तोंग एकाहत्तरचा, काठीवर चालणारा.

ती काठी तीन वर्षांपूर्वी आली. रुईफांगच्या टपरीसमोर तोंग पडला होता. रुईफांग बाओ विकते, वाफेवर शिजवलेले सारणाचे पाव. हातातलं पीठ तसंच टाकून ती धावली, त्याला उचललं. दवाखान्यात तोंग म्हणाला, हिनेच ढकललं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी व्हिडिओ घेतला होता. चौदा सेकंदांचा. त्यात तोंग जमिनीवर आणि रुईचे दोन हात त्याच्या खांद्यांवर, बस्स. चार लाख लोकांनी बघितला. दवाखान्याचा खर्च रुईच्या गळ्यात पडला आणि नाव पडलं, 'ढकलणारी'. तेव्हापासून गल्लीचा कायदाच झाला. कोणी पडलं तर आधी रेकॉर्डिंग, मग हात. रुईची गिऱ्हाइकं आत्ता कुठे परत यायला लागली होती.

मिआओ पडला. झकास पडला. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

पहिली दोन मिनिटं त्याला हसू दाबता येईना. मग पावलं जमायला लागली.

"अरे, मेला की काय?"

"हात लावू नका! आधी रेकॉर्ड करा!"

"माझं चालू आहे. जरा बाजूला व्हा, तोंड दिसत नाही त्याचं."

डांबर तापलेलं होतं. गाल भाजायला लागला. मिआओने डोळा किलकिला करून वर बघितलं. चौदा-पंधरा फोन. चेहरा एकही नाही. झाडावरचे किडे इतका वेळ किरकिरत होते, ते एकदम गप्प झाले. त्याच्या मनात आलं, खरंच पडलो असतो तर?

तेवढ्यात गर्दी फाटली. पिठाचे हात मानेखाली आले. ओलं फडकं कपाळावर बसलं.

"काका, घाबरू नका. मी आहे. हलू नका."

रुई. हातात फोन नाही, काही नाही.

"तीच ती!" कोणीतरी ओरडलं. "ढकलणारी! आणखी एक म्हातारा पाडला हिने!"

"जिंकलो!" मिआओ टुणकन उठून बसला. "तोंग, लेका, झगा इस्त्री करून ठेवतो!"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना खाली, बोटं काचेवर.

व्हिडिओ आधीच सगळीकडे पसरला होता. बारा सेकंदांचा. त्यात मिआओ निपचित आणि रुईचे हात त्याच्या मानेवर. मिआओ उठून बसतो, ते त्यात नव्हतंच.

साडेपाचपर्यंत दुसऱ्या शहरांतले लोक रुईला शिव्या देत होते. मिआओने स्वतःचा व्हिडिओ टाकला. मस्करी होती हो, मी धडधाकट आहे, बघा, उड्या मारतोय. अकरा जणांनी बघितला. एकाने खाली लिहिलं, 'बाईने किती दिले?'

सहा वाजता टपरीच्या शटरवर अंडी फुटली. मग एक दगड आला.

मिआओ आणि तोंग तिथे पोचले तेव्हा रुई वाफेच्या टोपल्या तीनचाकीवर रचत होती.

"रुई, कुठे निघालीस?"

"भावाकडे, गावी. उद्या सकाळी. आता नाही व्हायचं माझ्याच्याने."

"पोरी, चुकलो मी. माझ्या तोंडात मार. मी गाढव आहे."

"असू दे, काका." तिने हात पुसले. "मान दुखत नाही ना? गाल भाजलाय तुमचा. काहीतरी लावा त्याला."

तोंगच्या काठीखाली अंड्याचं टरफल आलं होतं, ते तिने वाकून बाजूला केलं. घसरू नये म्हणून.

सात वाजता चौकात गाणी सुरू झाली. पन्नासेक बायका रांगेत. आणि कोपऱ्यावरून तोंग आला. फुलाफुलांचा झगा, खाली केसाळ नडग्या, हातात काठी. चौक हसून लोळायला आला. शे-दीडशे फोन वर झाले.

"गा, आजोबा, गा!"

"गिरकी घ्या एक!"

तोंगने माईक घेतला. गाणं बंद करायला लावलं.

"मला रुईने ढकललं नव्हतं," तो म्हणाला. "कलिंगडाच्या सालीवर घसरलो. साल मीच टाकली होती. मोडलेल्या हाडाचा खर्च पोराच्या अंगावर पडेल म्हणून खोटं बोललो. तिने मला नुसतं उचललं होतं. आज मिआओला उचललं, तसंच."

यात बघण्यासारखं काही नव्हतं. गाणं नाही, नाच नाही. एक फोन खाली आला. मग दुसरा. मग भराभर सगळे.

तोंगने काठी आपटली. माईक किंचाळला.

"फोन खाली का घेतले? वर करा. पहिल्यापासून सांगतो."