कच्चा डाख

"पुन्हा विझला?" दिवेवालीने हात पुढे केला.

"विझला. ऐन बाही लावताना." शिंप्यांनी कंदील तिच्या हातात दिला आणि टपरीबाहेरच्या बाकावर बसले. "तुमच्या दिव्यांचं आणि माझं काही जमत नाही बघा, बाई."

"या खेपेला किती दिवस चालला?"

"चालला की. विझेपर्यंत चालला."

या माणसाकडून सरळ उत्तर मिळायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने हसू दाबलं आणि कंदिलाचं बूड उघडलं.

वस्तीवर वीज नव्हती आणि येण्याची लक्षणंही नव्हती. सकाळी घरोघरचे सोलर कंदील तिच्या टपरीत यायचे, दिवसभर छपरावर ऊन खायचे आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायचे. माणसं कंदील ठेवायची, कंदील उचलायची आणि चालू लागायची. दोन शब्द बोलायला सवड कुणाला होती? नवरा गेल्यापासून तिच्या घरात बोलणारा एक रेडिओच होता, आणि त्याला ऐकायची सवय नव्हती.

शिंपी मात्र बसायचे. खिंडीपलीकडे उतारावरच्या घरात ते एकटेच राहायचे; कंदील तिथेच उन्हात ठेवतो म्हणायचे, टपरीत यायचे ते दुरुस्तीपुरते. बायको वारलेली, मुलगी दूर देशी. दोन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हा कंदिलातली तार मुळापासून निघाली होती, कुणी चिमट्याने ओढून काढावी तशी. तिने तार जागेवर धरून वितळलेल्या कथलाचा थेंब सोडला, म्हणजे डाख दिला. तेवढ्या वेळात शिंप्यांनी तिला तिच्याच झंपराची शिलाई कशी चुकलीय ते ऐकवलं. तिला राग यायला हवा होता. उलट ते गेल्यावर टपरी ओकीओकी वाटली.

दुसऱ्या खेपेला तिने डाख कच्चा ठेवला.

दिसायला तो पक्क्यासारखाच दिसतो. आठवडाभर तग धरतो आणि मग तार सुटते. तेव्हापासून ती दर खेपेला तेच करत आली होती. हातून पाप होतंय हे तिला कळत होतं. एकदा मनाने फारच खाल्लं, म्हणून तिने चांगला पक्का डाख दिला, ओढून पाहिला, आणि आता हा माणूस काही यायचा नाही म्हणून दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आठवड्याच्या आत शिंपी हजर! तार सुटलेली. आपला हातच बिघडला, असं ती स्वतःशी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

आजही तिने डाख कच्चाच दिला. शिंपी चहा पिऊन, तिच्या चहात साखर कमी असते अशी तक्रार करून निघून गेले.

आठवडा गेला. शिंपी आले नाहीत. दुसरा गेला. ती खिंडीकडे बघत बसायची आणि लोक तिच्या हातून दुसऱ्यांचेच कंदील घेऊन जायचे.

शेवटी दूधवाल्याकडून कळलं. "ते शिंपीकाका ना? पाय मोडलाय त्यांचा. पायरीवरून पडले."

"अंधारात?" तिने विचारलं.

"ते काय मी विचारलं नाही. अंथरुणावर आहेत बिचारे."

विचारायची गरजच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. उतारावरचं घर, काळोख, हातात विझलेला कंदील घेऊन पायरी चाचपडणारा म्हातारा माणूस. तिने सगळे कंदील टपरीबाहेर मांडले, ज्याचा त्याने उचला म्हणून ओरडून सांगितलं आणि एक नवाकोरा कंदील घेऊन खिंडीची वाट धरली.

ती या बाजूला कधी आली नव्हती. उतार निसरडा होता, दगड चुकवताना मान वर करायची सोय नव्हती. सांगून टाकायचं, ती स्वतःला बजावत होती. मग त्यांनी तोंड पाहिलं नाही तरी चालेल. चालणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं. तिच्याशी बोलणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं.

दूधवाल्याने सांगितलं होतं, उतारावरचं पहिलंच घर त्यांचं. दिवेलागणीची वेळ टळली होती तरी आत मिट्ट काळोख.

"कोण?" आतून झोपमोड झालेला आवाज आला.

"मी. दिवेवाली."

"अरे बापरे!" खाटेची करकर ऐकू आली. "बाई, तुम्ही इकडे कशाला आलात?"

तिने कंदील लावला. प्लास्टरमधला पाय लांब करून शिंपी खाटेवर बसले होते. तिने कंदील त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच बोलून टाकलं.

"तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. तुमच्या कंदिलाला मी मुद्दाम कच्चा डाख द्यायची. तो विझावा आणि तुम्ही परत यावं म्हणून. दोन वर्षं तुम्हाला अंधारात ठेवलं मी, तुम्ही पुन्हा यावं एवढ्यासाठी." तिला रडू आवरेना. "मला शिव्या द्या. पण काहीतरी बोला."

शिंप्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. उशाची काठी उचलून तिच्या टोकाने त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. छताचा बल्ब लागला आणि खोली लख्ख झाली.

"खिंडीच्या या बाजूला वीज येऊन चार वर्षं झाली, बाई," ते खाली मान घालून म्हणाले.